खोली एक, पावत्या दोन

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमा मागे पडले की शिक्रापूरच्या अलीकडे सणसवाडी लागते. शिरूर तालुक्यातल्या या गावाचा कारभार आता शेतीइतकाच कारखान्यांवर चालतो. पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत, शिक्रापूरहून डावीकडे चाकणला जाणारा रस्ता, मागे वाघोली-खराडी. त्यामुळे या पट्ट्यात मुक्कामाला येणारा माणूस सहसा हवापालटासाठी आलेला नसतो. मशीन बसवायला आलेला तंत्रज्ञ, हिशेब तपासायला आलेला ऑडिटर, मुलाखतीला आलेला डिप्लोमाधारक, माल खाली होण्याची वाट बघणारा पुरवठादार, फार तर रांजणगावच्या महागणपतीला किंवा वढू-तुळापूरला निघालेले कुटुंब, असे पाहुणे इथे उतरतात. त्यांना सकाळी सातच्या पाळीला गेटवर उभे राहायचे असते किंवा पहाटेच्या दर्शनाची रांग धरायची असते.

अशा माणसाने आधी ठरवून, पैसे भरून ठेवलेली खोली रात्री अकरा वाजता काउंटरवर ‘फुल्ल’ निघते, तेव्हा त्यामागे नेमके काय घडलेले असते? चूक कोणाची, भुर्दंड कोणावर, आणि कायदा कुठवर साथ देतो? हा प्रश्न गोव्याच्या ३१ डिसेंबरलाही पडतो आणि महाबळेश्वरच्या मे महिन्यातही. पण तिथे गैरसोय सुट्टीची होते. सणसवाडीत कामाचा दिवस बुडतो. म्हणून हा आढावा इथून.

जास्त विकण्यामागचा हिशेब

क्षमतेपेक्षा जास्त आरक्षणे घेणे ही लबाडी म्हणून जन्मली नाही. रिकामी राहिलेली खोली दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, ती रात्र कायमची वाया जाते. आणि आरक्षण केलेल्यांपैकी काही जण येतच नाहीत. वाया जाणाऱ्या जागेचा हिशेब विमान कंपन्यांनी आधी मांडला. १९७२ मध्ये ब्रिटिश विमान कंपनी बीओएसीच्या केन लिटलवुड यांनी स्वस्त तिकीट आत्ता विकावे की महाग तिकिटाच्या गिऱ्हाइकासाठी जागा राखावी, याचा नियम सूत्रात बसवला. पुढे अमेरिकन विमान कंपन्यांनी संगणकाच्या जोरावर तो वाढवला आणि १९८० च्या दशकात मॅरियटसारख्या हॉटेल साखळ्यांनी उचलला. आज मोठ्या हॉटेलात हे काम सांभाळणारा स्वतंत्र विभाग असतो.

हिशेब साधा आहे. दहातला एक पाहुणा येत नाही असे धरू. दोनशे खोल्यांच्या हॉटेलाने दोनशे दहा आरक्षणे घेतली तर सरासरी एकशे एकोणनव्वद जण येतील. सगळ्या खोल्या भरून वर कोणी उरेल, अशा रात्री हजारात फार तर दोन. त्या दोन रात्री पाहुण्याला शेजारच्या तितक्याच चांगल्या हॉटेलात स्वतःच्या खर्चाने ठेवले, तरी व्यवहार फायद्याचा राहतो.

आता हेच गणित हमरस्त्यावरच्या वीस खोल्यांच्या लॉजला लावू. प्रमाण तेच, पाच टक्के जास्त, म्हणजे एकवीस आरक्षणे. एकवीसच्या एकवीस जण येऊन दाराशी उभे राहण्याची शक्यता अकरा टक्के निघते. म्हणजे साधारण दर नऊ रात्रींत एकदा कोणाला तरी परत पाठवावे लागणार. बावीस घेतली तर दर तिसऱ्या रात्री. मोठ्या संख्येत चढउतार एकमेकांना भरून काढतात, लहान संख्येत ते अंगावर येतात.

त्यातही एक गृहीत दडलेले आहे: प्रत्येक पाहुणा आपापला, स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही. औद्योगिक पट्ट्यात तसे नसते. एकाच कंपनीची सहा जणांची टोळी येते ती सगळी येते, काम पुढे ढकलले तर सगळी गळते. लग्नाचे वऱ्हाड तसेच. त्यामुळे लॉजमालकाचा ‘दोन-तीन तर येणारच नाहीत’ हा अंदाज अनुभवावर बेतलेला असला, तरी नेमका गर्दीच्या रात्री खोटा ठरतो. जास्त विकणे हा मोठ्यांनाच परवडणारा खेळ आहे.

या पट्ट्यात खोली दोनदा कशी जाते

लहान लॉजमध्ये खोली दोनदा विकली जाते ती बहुतेक वेळा ठरवून नव्हे, तर वहीच्या घोळातून.

पहिले कारण, खोल्यांची दुकाने अनेक आणि वही एक. तेच लॉज तीन-चार ॲपवर असते, शिवाय फोनवर, कंपनीच्या ॲडमिन विभागाशी असलेल्या बोलीवर आणि थेट दारात येणाऱ्यांवरही त्याचा धंदा चालतो. मोठी हॉटेले सगळ्या ठिकाणची संख्या एकाच वेळी कमी करणारे चॅनल मॅनेजर वापरतात. लहान ठिकाणी काउंटरवरचा पोरगा मोबाइल काढून एकेका ॲपवर खोली बंद करतो. संध्याकाळी गर्दी असली की ते राहून जाते, आणि त्या अर्ध्या तासात शेवटची खोली दुसरीकडून विकली जाते.

दुसरे, चेकआउटची वेळ. हमरस्त्यावरच्या अनेक लॉजमध्ये ‘२४ तास चेकआउट’ असते: रात्री दहाला आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी रात्री दहापर्यंत खोली ठेवू शकतो. ॲपचे कॅलेंडर मात्र दुपारी बारा ते बारा असे मोजते. ॲपच्या दृष्टीने जी खोली दुपारी मोकळी झाली, तिच्यात प्रत्यक्षात कालचा पाहुणा झोपलेला असतो, आणि त्याचेही काही चुकलेले नसते.

तिसरे, मुक्काम लांबणे. यंत्र दोन दिवसांत चालू होईल म्हणून आलेला माणूस पाच दिवस अडकतो. त्याची कंपनी महिन्याच्या बिलावर लॉजला धंदा देते. त्याला ‘उद्या खोली सोडा’ म्हणायची मालकाची हिंमत नसते. भुर्दंड बसतो तो उद्या येणाऱ्या अनोळखी पाहुण्यावर.

चौथे, ठरलेल्या तारखांची गर्दी. अंगारकी चतुर्थी, भाद्रपदातला आणि माघातला गणेशोत्सव, लग्नाच्या दाट तिथी. सणसवाडीला खेटून आणखी एक तारीख आहे, १ जानेवारी. कोरेगाव भीमाजवळ पेरणे फाट्याच्या जयस्तंभाला अभिवादन करायला त्या दिवशी लाखो लोक येतात आणि नगर रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवली जाते. आदल्या रात्री खोलीवाचून राहिलेल्या माणसाला ‘पाच किलोमीटरवर दुसरे लॉज बघा’ असे सांगण्याला तेव्हा काही अर्थ उरत नाही.

‘फुल्ल’ म्हणजे दरवेळी फुल्लच नव्हे

काउंटरवर ‘खोली नाही’ हे एकच उत्तर ऐकू येते, पण त्यामागची कारणे वेगवेगळी असतात आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे वजनही वेगळे असते.

खोल्या खरोखर संपलेल्या असतील तर ते जास्त विकणे झाले. पण खोली असते, फक्त ॲपवरच्या दराला द्यायची नसते, असेही घडते. ॲपने सवलतीत विकलेली खोली कमिशन कापून मालकाच्या हाती थोडेच देते. दारात उभे असलेले गिऱ्हाईक रोख आणि दीडपट द्यायला तयार असते. मग ‘सिस्टीममध्ये बुकिंग दिसत नाही’ असे सांगितले जाते, किंवा ‘वरचे पैसे भरा, देतो’ असे. कधी मालकाचा आणि ॲप कंपनीचा थकबाकीवरून वाद चालू असतो आणि त्यात पाहुणा चेंगरतो.

आणखी दोन प्रकार इथे दिसतात. परदेशी पाहुणा उतरला तर हॉटेलने चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरून सरकारला कळवायचे असते. ज्या लॉजने त्यासाठी नोंदणी केलेली नाही, ते कारखान्यात आलेल्या कोरियन किंवा जर्मन तंत्रज्ञाला दारातच ‘फुल्ल’ सांगते. आणि स्थानिक पत्त्याचे ओळखपत्र किंवा लग्न न झालेले जोडपे पाहून नाकारणे तर सर्वश्रुत आहे. ॲपने ही अट आधी दाखवली नसेल, तर तो नकारही आरक्षण मोडणेच आहे, फक्त त्याला गर्दीचे नाव दिलेले असते.

परत कोणाला पाठवायचे, याचाही अलिखित क्रम असतो. कंपनीचा पाहुणा वाचतो, नेहमीचा वाचतो, चार रात्रींचा वाचतो. जातो तो एका रात्रीसाठी, स्वस्त दराने, ॲपवरून आलेला आणि सगळ्यांत उशिरा पोहोचलेला. म्हणजे ज्याच्याकडे पर्याय शोधायला वेळ सर्वांत कमी, त्याच्याच वाट्याला हे येते.

विमानाला नियम, रेल्वेला यादी, हॉटेलला काय?

याच दुखण्यावर विमानसेवेत उपाय निघाला, पण आपोआप नाही. एप्रिल १९७२ मध्ये अमेरिकेतील ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांना ॲलेगनी एअरलाइन्सने पक्के तिकीट असताना विमानात घेतले नाही. कंपनी जास्त तिकिटे विकते हे प्रवाशांना सांगितलेच जात नव्हते. अशा लपवाछपवीविरुद्ध प्रवाशाला न्यायालयात दाद मागता येते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये मान्य केले. त्याआधीच, १९६८ मध्ये, अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी तोडगा सुचवला होता: कोणालाही जबरदस्तीने उतरवू नका, प्रवाशांनाच विचारा की किती पैसे मिळाले तर पुढच्या विमानाने जाल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘आधी स्वेच्छेने उतरणारे शोधा’ हा नियमच झाला. तरीही एप्रिल २०१७ मध्ये शिकागोला युनायटेडच्या विमानातून एका डॉक्टरला फरफटत बाहेर काढल्याचे दृश्य जगाने पाहिले. नियम असूनही दांडगाई होते. नियमच नसेल तर काय, हे वेगळे सांगायला नको.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हा नियम २०१० मध्ये आणला आणि २०१६ मध्ये भरपाई वाढवली. कंपनीने आधी स्वेच्छेने उतरणारे प्रवासी शोधायचे. मग ज्याला नाकारले, त्याला तासाभरात दुसरे विमान दिले नाही तर भरपाई: चोवीस तासांच्या आत सोय केली तर एकेरी मूळ भाडे आणि इंधन आकार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये, त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. जून २०२२ मध्ये हे नीट न पाळल्याबद्दल एअर इंडियाला १० लाख रुपये दंडही झाला.

रेल्वेचा मार्ग वेगळा आणि अस्सल आपला आहे. रेल्वेही जागांपेक्षा जास्त तिकिटे देते, पण उघडपणे. आरएसी म्हणजे बाजूच्या खालच्या बाकावर दोघांनी बसायचे, वेटिंग म्हणजे रांगेत उभे, आणि तुमचा क्रमांक तिकिटावर छापलेला. चार्ट लागल्यावरही ई-तिकीट पूर्ण वेटिंगवर राहिले तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. लोक कुरकुरतात, पण फसवले गेले असे म्हणत नाहीत, कारण जोखीम घेण्याआधीच ती दिसलेली असते.

हॉटेलात यातले काहीच नाही. ना भरपाईचा दर ठरवून दिलेला तक्ता, ना रांगेतला क्रमांक. पक्की पावती हातात असते आणि तिच्यामागे जास्तीची विक्री झाली आहे हे पाहुण्याला कधीच कळत नाही. जगभरच्या चांगल्या हॉटेलांत एक व्यावसायिक रीत आहे: परत पाठवावे लागले तर तितक्याच दर्जाच्या हॉटेलात पहिली रात्र स्वखर्चाने, तिथवर गाडी, घरी किंवा कार्यालयात कळवण्याची सोय. काही साखळ्या आपल्या सभासदांना त्याची लेखी हमीही देतात. पण हमी ज्याच्या खिशात कार्ड आहे त्याला. सणसवाडीत साडेबाराशेची खोली घेतलेल्याला कोणी विचारत नाही.

शिवाय ‘तितकीच चांगली खोली’ याचा अर्थ इथे नुसत्या गादीवर आणि एसीवर ठरत नाही. रांजणगावला सकाळी सातला पोहोचायचे असलेल्या माणसाला खराडीच्या चकचकीत हॉटेलात टाकले तर त्याला वाघोलीच्या कोंडीतून उलटे यावे लागते. त्याच्यासाठी शिक्रापूर किंवा शिरूरकडची साधी खोलीही सरस. पर्याय देताना दर्जाबरोबर दिशाही मोजायला हवी.

कायदा कुठवर येतो

स्वतंत्र तक्ता नसला तरी पाहुणा उघड्यावर नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन ठरलेली खोली न देणे ही सेवेतील त्रुटी ठरते. त्याच महिन्यात आलेल्या ई-कॉमर्स नियमांनी ॲपलाही बांधले आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची. आणखी एक कलम फारसे कोणी वापरत नाही: ग्राहकाने आरक्षण रद्द केल्यावर जर ॲप पैसे कापत असेल, तर ॲपने स्वतः एकतर्फी रद्द केल्यावर तसाच भार स्वतःही उचलला पाहिजे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ चा मुद्दा व्यवहारात फार उपयोगी आहे. करार मोडल्यावर जे नुकसान स्वाभाविकपणे होते, किंवा करार करताना दोन्ही बाजूंना जे नुकसान होईल याची कल्पना होती, त्याची भरपाई मिळते. म्हणून आरक्षण करतानाच ‘रात्री साडेअकराला पोहोचू, बरोबर वृद्ध आई आहे, सकाळी सातला कंपनीत हजर व्हायचे आहे’ असा एक संदेश हॉटेलला पाठवून ठेवावा. हॉटेलला माहीत नव्हते, हा बचाव त्या एका ओळीने निकालात निघतो.

दाद मागणे आता पूर्वीइतके अवघडही नाही. तक्रार हॉटेल जिथे आहे तिथेच करावी लागते असे नाही, तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही चालते. कोल्हापूरहून आलेल्याला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारात जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते आणि वकील सक्तीचा नाही. खटल्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तरी ॲप कंपन्या बऱ्याचदा हलतात.

निकालांची दिशाही स्पष्ट आहे. केरळमधील एर्नाकुलम जिल्हा ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये अशाच एका प्रकरणात ओयो आणि कोल्लममधील हॉटेल यांना जबाबदार धरले. आगाऊ पैसे भरून घेतलेल्या खोल्या रात्री नाकारल्या, वर जादा पैसे मागितले, आणि लहान मुलांसह आलेल्या कुटुंबाला दुसरीकडे जावे लागले. आयोगाने १ लाख रुपये भरपाई आणि १० हजार रुपये खर्च द्यायला लावला. खोल्यांचे भाडे तीन हजारांच्याही आत होते. म्हणजे मोजमाप भाड्याचे नाही, त्या रात्रीच्या हालांचे झाले.

काउंटरवर उभे असताना

पुढची लढाई त्या पहिल्या अर्ध्या तासात हरली किंवा जिंकली जाते. सगळ्यात महत्त्वाचे: स्वतः ‘रद्द करा’ हे बटण दाबू नये. ‘तुम्ही ॲपवरून कॅन्सल करा, पैसे परत येतील’ असे काउंटरवरून हमखास सुचवले जाते. ते केले की कागदोपत्री तुम्हीच माघार घेतलेली असते, हॉटेलने नाकारलेले नसते.

त्याऐवजी हॉटेलकडून ‘खोली उपलब्ध नाही’ एवढे लेखी घ्यावे, व्हॉट्सॲपवर चालेल. तेही मिळत नसेल तर ॲपच्या मदत केंद्राला काउंटरवर उभे राहूनच फोन लावावा आणि तक्रार क्रमांक टिपून घ्यावा. त्याच वेळी तेच हॉटेल त्या रात्रीसाठी ॲपवर विकले जात आहे का, हे पाहावे. विकले जात असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट हा सर्वांत बोलका पुरावा. मागणी ठरावीक ठेवावी: याच दिशेला तशीच खोली, दरातला फरक तुमच्याकडे, तिथवर गाडी. ‘सात दिवसांत रिफंड’ हा तुमचाच पैसा परत मिळणे आहे, भरपाई नव्हे. तो घेताना ‘हक्क राखून स्वीकारत आहे’ असे कळवून ठेवावे. नवी खोली, गाडी, जेवण यांच्या पावत्या जपाव्यात. आणि आवाज चढवून उपयोग नसतो, कारण समोरचा पोरगा रात्रपाळीचा नोकर असतो. निर्णय घेणारा मालक किंवा मॅनेजर फोनवर असतो, त्यालाच गाठावे.

त्याहून बरे म्हणजे दुपारी एक फोन. ॲपची पावती आली तरी लॉजला थेट फोन करून नाव, येण्याची वेळ आणि खोलीचा प्रकार पक्का करून घेतला, तर वहीतला घोळ संध्याकाळच्या आत उघडा पडतो आणि हातात वेळ राहतो.

मालकाचीही बाजू

लॉजमालक खलनायक आहे, असे मानून हा प्रश्न सुटणार नाही. ‘हॉटेलवर पैसे द्या’ या पर्यायाने आरक्षण करून न येणारे पाहुणे त्याचेही नुकसान करतात. तीन ठिकाणी खोली अडवून ठेवायची आणि जे सोयीचे तिथे उतरायचे, ही पाहुण्यांची सवयही या रोगात भर घालते. ॲपशी झालेले करारही एकतर्फी असतात. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला. त्या प्रकरणात मेकमायट्रिप-गोआयबिबोवरचा एक आक्षेप असा होता, की हॉटेलांवर दराबरोबर खोल्यांच्या उपलब्धतेचीही समानता लादली जात होती: दुसऱ्या ॲपवर खोली दाखवली तर आमच्याकडेही दाखवा. एक खोली चार दुकानांत मांडण्याची सक्ती असेल, तर ती दोनदा विकली जाण्याची शक्यता त्या सक्तीनेच वाढवलेली असते.

मालकाला करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेच फुकट आहे. यूपीआयने थोडी अनामत घेतली की न येणारे घटतात, मग जास्त विकायचे कारणच उरत नाही. वीस खोल्यांपैकी शेवटची एक ॲपवर न ठेवता हातात राखली, तर लांबलेल्या मुक्कामाचा धक्का ती पचवते. चोवीस तासांचे चेकआउट ठेवायचे असेल तर ते ॲपला न दाखवता चालणार नाही. आणि सणसवाडी-शिक्रापूर-रांजणगाव पट्ट्यातल्या लॉजवाल्यांनी एकमेकांत ठरवून घेतले, की कोणाकडे पाहुणा उरला तर दुसऱ्याने ठरलेल्या दराने घ्यायचा आणि फरक पाठवणाऱ्याने सोसायचा, तर ग्राहक आयोगापर्यंत जाणारी अर्धीअधिक प्रकरणे रस्त्यावरच मिटतील.

मग काय हवे

जास्त आरक्षणे घेण्यावर सरसकट बंदी घालणे व्यवहार्य नाही. तशी बंदी आली तर दर चढतील आणि रिकाम्या खोल्यांचा खर्च इतर पाहुण्यांकडून वसूल होईल. हवे आहे ते एवढेच, की जास्त विकण्याचा नफा ज्याला मिळतो, फसलेल्या रात्रीचा खर्चही त्यानेच करावा. विमानसेवेत हे तत्त्व तक्त्यात उतरले, रेल्वेने ते रांगेच्या क्रमांकात उतरवले. हॉटेलांसाठी केंद्र किंवा राज्य सरकारला तीन ओळींचा नियम करता येईल: पक्के आरक्षण नाकारले तर त्याच दिशेला समान दर्जाची खोली आणि तिथवरचे वाहन, तसे न केल्यास भाड्याच्या ठरावीक पट भरपाई त्याच रात्री, आणि भरपाईची जबाबदारी हॉटेल व ॲप दोघांवर, आपापसांतला हिशेब त्यांनी नंतर करावा.

तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची. आज हॉटेल ॲपकडे बोट दाखवते आणि ॲप हॉटेलकडे, आणि मध्यरात्री दोघांपैकी कोणालाच धरता येत नाही. दोघांच्याही खिशाला हात लागला, की वीस खोल्यांच्या लॉजला एकविसावे आरक्षण विकणे परवडत नाही हे गणित कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.